खरकट्या हाताचा संप

रिह्याचे हैबतराव तसे कुणाला भ्यायचे नाहीत. डोंगरात वाघ आडवा आला तर त्यालाच ‘कुणीकडं निघालास रं?’ म्हणून विचारतील, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांनी स्वतःच मोठ्या मेहनतीनं पसरवला होता. पण शिमगा सरला, होळीची राख गार पडली, की हैबतरावांची भाकरी घशाखाली उतरेनाशी व्हायची. कारण पुढं पाडवा यायचा, आणि पाडव्याला सालगडी बहिरूचं साल सुटायचं.

सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. पण हैबतरावांच्या आळीत बोलीच नसायची. तिथली रीत वेगळी. पाडव्याच्या दिवशी गड्याला ओसरीवर पाट मांडायचा. मालकिणीनं रांधायचं आणि वाढायचं मात्र मालकानं, स्वतःच्या हातानं, कमरेत वाकून. पोळी मोडताना, आमटी भुरकताना सालाचा विषय काढायचा नाही. जेवण झालं की गडी उठणार. अंगणातल्या दगडी डोणीवर त्यानं हात धुतला की पुढचं साल पक्कं. अंगण ओलांडून ओढ्यावर जाऊन धुतला, की राम राम. ना सही, ना अंगठा, ना साक्षीदार.

आणि तोंडानं विचारायचं नाही, ही सगळ्यांत कडक अट. ‘राहणार का?’ असं ज्या मालकानं विचारलं, त्यानं गड्याच्या इमानावर शंका घेतली. मग त्या अंगणात जो गडी हात धुईल त्याला नाक नाही. नाक असलेल्यानं सरळ ओढा गाठायचा.

आता बहिरूसारखे गडी खोऱ्यात पैशाला पासरी मिळत होते असंही नाही, आणि बहिरू काही फार देखणा कामसू होता असंही नाही. सकाळी उठायला त्याला उशीर व्हायचा, आणि उठल्यावर तंबाखू मळण्यात तो इतका रमायचा की कोंबडी तेवढ्यात अंडं घालून मोकळी होई. पण हैबतरावांकडं सुभेदार नावाचा रेडा होता. चिखलणीच्या दिवसांत गुडघाभर गाळात जिथं दुसरी जनावरं रडकुंडीला येत, तिथं सुभेदार पालखीच्या भोयासारखा चालायचा. मात्र तो ऐकायचा एकट्या बहिरूचं. हैबतरावांनी कासरा धरला की सुभेदार खाली बसायचा, आणि बसायचा तोही हैबतरावांच्या पायावर. एकदा बहिरू डोंगरापल्याड कोळवणला पाहुण्यांकडं गेला आणि तिथं खोकला. तो खोकला रिह्यात ऐकून सुभेदारानं दावं तोडलं आणि कोळवणचा रस्ता धरला. हे सांगणारी माणसं अजून रिह्यात सापडतील. त्यांनी तो खोकला स्वतः ऐकला होता.

म्हणजे बहिरू गेला की सुभेदार गेल्यात जमा, सुभेदार गेला की खाचरं पडीक, आणि खाचरं पडीक राहिली की हैबतरावांच्या वाघाला कोण विचारतो?

त्या वर्षी, अठ्ठावन्न सालची गोष्ट, धोका जरा जास्तच होता. घोटावड्याचा कोंडिबा, जमीनदार आसामी, पिरंगुटच्या बाजारात बहिरूला चुन्याची डबी पुढं करताना दिसला होता. नुसती डबीच नाही, ‘घरचं बरं हाय का?’ असंही त्यानं विचारलं होतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःच्या भावाला बरं आहे का विचारलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या गड्याला विचारावं? ही बातमी ऐकली आणि हैबतराव ताटावरून उठले.

अशा नाजूक दिवसांत पिरंगुटाला एसटीतून उतरून, चालत चालत, खांबेटे साहेब रिह्यात आले. पुण्याच्या एका संस्थेत होते. उंच, किडकिडीत, चष्मा, डोक्यावर फेल्ट हॅट आणि पायात मोजे. परदेशात बरीच वर्षं काढून आले होते, आणि मामलेदार कचेरीतल्या कुणीतरी त्यांना हैबतरावांची ओसरी दाखवून दिली होती.

“साहेब, तुमी नेमकं करता काय?” हैबतरावांनी पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं.

“मालक आणि कामगार यांचे संबंध. निरनिराळ्या देशांत ते कसे असतात, याची मी तुलना करतो.”

“म्हंजी भांडणं बघता.”

“भांडणं, समेट, करारमदार... सगळंच.”

“आन् त्येचा पगार मिळतो?”

“मिळतो की.”

हैबतरावांनी त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. त्यांचंही निम्मं आयुष्य भांडणं बघण्यात गेलं होतं, पण सगळं फुकटात. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुळशीच्या धरणाची वीज रिह्याच्या डोक्यावरून तारांतून मुंबईला जायची आणि रिह्यात चिमण्या पेटायच्या. पण त्या दिवशी त्यातली थोडी हैबतरावांच्या फेट्यात उतरली असावी. जगभरचे मालक आपले गडी कसे धरून ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस आपल्या ओसरीवर बसून आपलंच पाणी पितोय!

“साळू,” त्यांनी आत बायकोला हाक मारली, “साहेब पाडव्यापतुर हितंच ऱ्हातील. कोंबडं बघ.”

मग दिवसभर, शेण गोळा करताना, दगडी गडग्यावर बसून, हैबतराव साहेबांना खोदू लागले. पहिला नंबर जर्मनीचा लागला.

“जर्मनीत,” खांबेटे म्हणाले, “मोठ्या कारखान्यांच्या बैठकीत कामगारांची माणसं मालकांच्या शेजारी बसतात. कारभाराच्या प्रश्नांवर मत देतात. त्यामुळं कामगारांना कारखाना आपला वाटतो.”

“शेजारी? एकाच घोंगडीवर?”

“तसंच म्हणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर घोंगडी पडली. मधोमध हैबतराव, एका बाजूला साळूबाई, दुसऱ्या बाजूला बहिरू. बहिरू घोंगडीच्या इतक्या काठावर बसला होता की घोंगडी झटकली असती तर तो अंगणात पडला असता.

“बैठक हाय,” हैबतराव म्हणाले. “औंदा आंबेमोहर कुटं लावायचा, त्येच्यावर प्रत्येकानं मत द्यायचं. जर्मनीत आसंच करत्यात.”

बहिरूनं आधी जर्मनीकडं, म्हणजे खांबेटे साहेबांकडं, पाहिलं. मग सुभेदाराकडं. बोलला काहीच नाही. बोलल्या साळूबाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांना बैठकीला कुणी बसवलं नव्हतं आणि त्यांच्यापाशी माल बराच साठला होता.

“आंबेमोहर ऱ्हाऊ द्या. आदी ह्यांच्या पौडाच्या बाजाराचं बघा. सकाळी जात्यात मिठाला, येत्यात दुसऱ्या दिशी. मीठ न्हाई ते न्हाईच, वर डोळं लाल आन् गळा बसलेला. तिकडं तमाशाची राहुटी पडलेली आसती. मी म्हंते, बाजार बहिरूभावजींनी करावा.”

“ह्यो कारभाराचा प्रश्न न्हवं!” हैबतराव ओरडले.

“साहेब?” साळूबाईंनी विचारलं.

खांबेट्यांनी चष्मा पुसला. “खर्चाचा आहे म्हणजे... कारभाराचाच म्हणायला हवा.”

“बहिरू, बोल रं,” हैबतरावांनी डोळे मोठे करून सांगितलं.

बहिरूनं मान खाली घातली. “मालक, वैनी म्हंत्यात त्यात खोटं काय न्हाई.”

एकाविरुद्ध दोन मतांनी हैबतरावांचा बाजार बंद झाला. त्या दिवशी ते दिवसभर सुभेदाराशीसुद्धा बोलले नाहीत. संध्याकाळी तेवढं साहेबांना विचारलं, “जर्मनीतलं मालक बाजारला जात्यात का न्हाई?”

“त्याचा अभ्यास अजून झालेला नाही,” साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

मग इंग्लंड झालं. इंग्लंडात म्हणे चहाची सुटी अशी पक्की, की तिला कुणी हात लावला तर अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसतो. हे हैबतरावांना सोपं वाटलं. उन्हं डोक्यावर यायच्या आत शेतावर गुळाचा चहा जाऊ लागला. बहिरू खताची गाडी थांबवून कपबशी घेऊन बांधावर बसायचा. चहा काय, बहिरूला आवडला. पण सुभेदारालाही आवडला. पहिल्या दिवशी त्यानं बशी चाटली, दुसऱ्या दिवशी किटली, आणि तिसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तेव्हा तो जागचा हलेना. साळूबाईंना घमेलंभर चहा करून न्यावा लागला. तो पिऊन, जरा रवंथ करून, मगच गाडी पुढं गेली. एकदा गूळ संपला म्हणून बिनगुळाचा चहा नेला, तर सुभेदारानं हुंगला, आणि भरल्या गाडीसकट मागं फिरून गोठ्यात येऊन उभा राहिला.

“संप!” खांबेटे साहेब आनंदानं ओरडले. “अगदी असंच! बर्मिंगहॅमला मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“तितं बी रेडंच कामाला हायेत व्हय?” साळूबाईंनी घमेलं उचलत विचारलं.

एवढं होऊनही बहिरूच्या मनातलं काही कळत नव्हतं. उलट तो हल्ली मालकांकडं जरा बिचकून बघायचा. हैबतरावांनी मग शेवटचा मोठा डाव काढला. जपान.

“जपानात मोठ्या कंपनीत लागलेला माणूस सहसा जन्मभर तिथंच राहतो,” साहेबांनी सांगितलं होतं. “मालक बापासारखा, कंपनी घरासारखी. सकाळी सगळे रांगेत उभे राहून कंपनीचं गाणं म्हणतात.”

हैबतराव फेटा बांधून सूर्य उगवायला गोठ्यासमोर उभे राहिले. शेजारी रांगेत बहिरू. गोठ्याचं गाणं कुणी केलेलं नव्हतं, आणि दोघांना मिळून येत होती ती एकच चीज, हळदीच्या वेळी बायका नवरीला म्हणतात ती ओवी. तीच म्हटली. अर्ध्यात बहिरूचा आवाज चिरकला. मग हैबतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “बहिरू, मी हाय तवर तू माझा. माझ्या माघारी बी माझाच. आन् ह्यो सुभेदार जेवढा माझा तेवढाच तुझा!”

बहिरूच्या तोंडचं पाणी पळालं. तो तडक घरी गेला. थोड्याच वेळात त्याची बायको रत्नाबाई पदर सावरत मागल्या दारी आली आणि साळूबाईंना हळूच म्हणाली, “वैनी, धनी बरं हायेत न्हवं? आमचं हे म्हंत्यात, निरोप घेतल्यावानी बोलत हुते. हळदीची ओवी बी म्हनले.”

“बरं हायेत. ह्या जल्मात बरं व्हायचं तेवढं झाल्यात,” साळूबाई म्हणाल्या. पण रत्नाबाईनं आणलेला अंगारा त्यांनी ठेवून घेतला, आणि दुपारी ताकातून दिला.

अमेरिका तेवढी राहिली होती. “तिथं बहुतेक ठिकाणी मालक वाटेल तेव्हा काढू शकतो आणि कामगारही वाटेल तेव्हा जाऊ शकतो,” साहेब म्हणाले.

हैबतराव उठूनच उभे राहिले. “म्हंजी रोज पाडवा? त्यो देश ऱ्हाऊ द्या साहेब. तितली माणसं झोपत कशी आसतील?”

त्याच दुपारी भाजी निवडता निवडता साळूबाईंनी सहज विचारलं, “साहेब, तुमचा मालक कोन?”

“संस्था. म्हणजे आमचे संचालक.”

“तुमचं साल कवा सुटतं?”

खांबेटे साहेबांनी मेथीची एक काडी उचलली आणि तिची पानं खुडत बसले. “जूनमध्ये. माझी नेमणूक मुदतीची आहे.”

“मंग? ठेवनार हायेत का न्हाई?”

“अजून काही बोलले नाहीत.”

“तुमी इचारलं न्हाई?”

“छे छे! असं थेट कसं विचारणार? बरं दिसत नाही ते.”

साळूबाईंनी जुडी ठेवली आणि हैबतरावांकडं पाहिलं. हैबतरावांनी छताकडं पाहिलं. आणि गोजराबाई, हैबतरावांची म्हातारी आत्या, कोपऱ्यात खलबत्त्यात पान कुटत होती, ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, “मंग येवढं फिरून आला कशापाई?”

पण साहेबांना दुसऱ्याच्या बाबतीत तसं वाटत नव्हतं. पाडव्याच्या सकाळी, गुढी उभी राहिल्यावर, त्यांनी हैबतरावांना बाजूला घेतलं. “हैबतराव, एवढे देश पाहिले, पण एक गोष्ट सगळीकडं सारखी. मालक आणि कामगार समोरासमोर बसून मोकळं बोलतात तिथं घोळ होत नाही. तुमच्याकडं सगळं आहे, फक्त बोलणी नाहीत.”

हैबतरावांनी मान हलवली, पण त्यांची नजर ओढ्याकडं होती. ओढ्याच्या काठावर कोंडिबा येऊन बसला होता. खांद्यावर कोरी घोंगडी, समोर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या. घोटावड्याहून सणावारी, घरची पोळी सोडून माणूस उगाच ओढ्याची हवा खायला येत नाही.

पाट मांडला. बहिरू नवा पटका बांधून आला आणि बसला. साळूबाईंनी पुरणपोळ्या अशा केल्या होत्या की उन्हात धरल्या तर पलीकडची गुढी दिसावी. हैबतराव वाढू लागले. तूप वाढताना डोळे बहिरूच्या तोंडाकडं होते, त्यामुळं पोळीपेक्षा पाटालाच जास्त तूप मिळालं. बहिरू सावकाश जेवत होता. त्याची ती नेहमीचीच चाल होती, पण हैबतरावांना त्या दिवशी वाटलं, हा घास नाही घेत, विचार करतोय. आळीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून, बघत नाही असं दाखवत बघत होती. ओढ्यावर कोंडिबानं तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

बहिरूनं शेवटचा घास उचलला. आणि हैबतरावांच्या आतला वाघ, जर्मनी, जपान, तुपाची वाटी, सगळं एकदम ढासळलं.

“बहिरू,” ते म्हणाले, “ऱ्हानार हायस का न्हाई? येकदा काय ते तोंडानं सांग बाबा!”

गोजराबाईचा खलबत्ता थांबला. तो थांबलेला आळीनं त्याआधी ऐकलाच नव्हता. साळूबाईंनी कपाळावर हात मारला. बहिरूनं घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि उठला. उजवा हात पुरणानं आणि तुपानं बरबटलेला, अधांतरी धरलेला. तो डोणीपाशी गेला. डोणीकडं बघितलं. मग वळला आणि अंगणाच्या कवाडाकडं चालू लागला.

“आवो, काय केलंत हे!” साळूबाई हैबतरावांवर तुटून पडल्या. “परसात बघा जरा! राबाला कवळं-डहाळ्या कुनी तोडून आनल्या? रोपाच्या वाफ्यावर शेन, पाला पसरून राब भाजून कुनी ठेवला? जानारा मानूस फुडच्या सालाचा राब भाजतो व्हय? पंधरा दिस झालं, तुमचं डोळं जर्मनीत!”

हैबतरावांनी परसाकडं पाहिलं. भात पेरायची जमीन काळीभोर भाजून तयार होती. इतके दिवस तिच्या धुरात बसून ते जपानची चौकशी करत होते.

तेवढ्यात बहिरू कवाडाच्या उंबऱ्यावर पोचला आणि तिथंच थबकला. पुढं ओढा आणि कोंडिबाचा तांब्या. मागं अंगण आणि डोण. अंगणात हात धुवावा तर नाक जातं. ओढ्यावर धुवावा तर सुभेदार जातो. बहिरूनं दोन्हींकडं बघितलं, आणि उंबऱ्यावर बसला. एक पाय आत, एक पाय बाहेर. खरकटा हात वर.

साळूबाई आतून तांब्या घेऊन धावल्या. कोंडिबा बाहेरून तांब्या घेऊन आला. दोघं दोन बाजूंना उभे, मधे बहिरू.

“बहिरूभावजी, हात फुडं करा.”

“बहिरबा, मानसानं मानानं ऱ्हावं. ये हिकडं.”

बहिरूनं हात आणखी वर धरला. “वैनी, मला हातच धुयाचा न्हाई,” तो म्हणाला. “इचारलंय मला. आता कसा धुऊ?”

“मंग ओढ्याला ये की!” कोंडिबा म्हणाला.

“जायचंच नव्हतं मला, तर ओढ्याला कसा येऊ?”

खांबेटे साहेब टाचा उंचावून बघत होते. असला पेच कुठल्याच देशात त्यांना भेटला नव्हता. कामगार जात नाही, राहत नाही, मागत काही नाही, आणि हात खाली घेत नाही. रत्नाबाई येऊन ओरडून गेली. आळी गोळा झाली. रिह्याच्या वरच्या वस्तीतली माणसं गुढ्या तशाच सोडून आली. दुपार कलली. पुरण हातावर वाळून पोपडे धरू लागलं. कावळ्यानं दोनदा येऊन चौकशी केली.

आणि मग खरी अडचण उभी राहिली. खरकट्या हातानं जनावराला शिवायचं नाही, हे तर लहान मुलालाही ठाऊक. सुभेदाराला पाणी दाखवायची वेळ झाली. हैबतराव बादली घेऊन गेले, तर तो त्यांच्या पायावर बसला. पायाबरोबर बादलीवरही. त्यात चहाची वेळ टळून गेलेली. सुभेदारानं एक हंबरडा फोडला. त्यानं गुढीवरचा गडू पडला असं काही जण म्हणतात, काही म्हणतात की गडू वाऱ्यानं पडला. पण त्या दिवशी वारा नव्हता. दुसऱ्या हंबरड्याला त्यानं खुंटा उपटला आणि खुंट्यासकट, दाव्यासकट, अंगणातून सरळ कवाडाकडं निघाला. माणसं बाजूला झाली. साळूबाईंचा तांब्या एकीकडं उडाला, कोंडिबा तांब्यासकट गडग्यावर चढला.

सुभेदार बहिरूपाशी आला. त्याच्याकडं नीट बघितलं. मग लांबलचक जीभ बाहेर काढली आणि खालून वर, मनगटापासून बोटांच्या शेंड्यांपर्यंत, बहिरूचा हात चाटला. पुन्हा एकदा बोटांच्या बेचक्यांतून. पुरण गेलं, तूप गेलं. हात असा लख्ख झाला की बहिरूच्या तळहातावरच्या रेषा आळीनं पहिल्यांदा पाहिल्या.

हैबतराव दुखरा पाय ओढत पुढं आले.

“धुतला!” हैबतराव कसेबसे म्हणाले. “अंगनात धुतला! माझ्या रेड्यानं धुतला!”

“तुझा कसा?” गडग्यावरून कोंडिबा. “आख्ख्या आळीनं ऐकलंय, त्या दिशी फेटा बांधून बोंबललास, सुभेदार जेवढा माझा तेवढाच बहिरूचा. म्हंजी बहिरूनं आपल्याच जनावराकडून हात धुऊन घेतला. तुझ्या अंगनाचा काय संबंध?”

“पर खुंटा माझा हाय!”

“खुंटा उपटलेला हाय!”

“साहेब, तुमी सांगा,” हैबतरावांनी काकुळतीनं विचारलं. “जपानात काय करत्यात?”

साहेबांनी हॅट काढून हातात घेतली. मग ते गोजराबाईकडं बघू लागले, कारण सगळीच माणसं तिकडं बघत होती.

म्हातारी काठी टेकत उंबऱ्यापाशी आली. तिनं बहिरूचा हात धरून उलटासुलटा पाहिला, हुंगला. सुभेदाराच्या कपाळावर थाप मारली.

“रेडा ह्येचा असंल न्हाईतर त्येचा असंल,” ती म्हणाली, “त्येचं मागलं पाय कुटं हायेत?”

सगळ्यांनी पाहिलं. मागचे पाय अंगणात होते.

“जिकडं पाय तिकडं रेडा. हात अंगनात धुतला. कोंडिबा, खाली उतर, गडगा ढासळंल. पोळी खा आन् घरला जा.” कोंडिबा उतरला. सणाचं ताट नाकारण्याइतका तो रागावला नव्हता. “पर हैबती,” म्हातारी वळली, “तू इचारलंस. ते काय कुनाच्या जिभंनं चाटून जायाचं न्हाई. तुला गड्याची शंका आली. तशी गड्याला बी मालकाची येऊ दे. फुडल्या पाडव्याला पाटावर तू बसायचंस. रांधील रत्ना, वाढील बहिरू. जेवून उठल्यावर तू कुटं हात धुतोस ते आमी बघू.”

“आत्या, मी मालक हाय! मी कुटं जानार?”

“तेच बघायचं हाय,” गोजराबाई म्हणाली आणि खलबत्त्याकडं निघून गेली.

खांबेटे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. जूनमध्ये त्यांच्या संचालकांनी त्यांना जेवायला बोलावलं का, आणि बोलावलं असेल तर त्यांनी हात कुठं धुतला, हे रिह्यात कधीच कळलं नाही. साळूबाई मात्र बरेच दिवस चौकशी करत असत.

बहिरू राहिला. चहा चालू राहिला, कारण सुभेदारापुढं कुणाचं चालत नव्हतं. पौडाचा बाजारही बहिरूच करू लागला, आणि गावात असंही बोललं जायचं की हल्ली मिठाला त्यालाही दोन दिवस लागतात.

मग वर्ष फिरलं. शिमगा झाला, होळीची राख गार पडली, आणि हैबतरावांची भाकरी पुन्हा घशाखाली उतरेना. फक्त या खेपेस कारण निराळं होतं. बहिरू ज्या दिवशी राबाच्या तयारीला निघाला, त्या दिवशी हैबतराव स्वतः त्याच्याबरोबर डोंगरात गेले आणि कवळं तोडून, डोक्यावर भारा घेऊन, सगळ्यांना दिसेल अशा वाटेनं आले.

“मालक, तुमी कशाला?” बहिरू म्हणाला.

“आसू दे, आसू दे,” हैबतराव भाऱ्याखालून म्हणाले. “बघत्यात समदी.”

पाडव्याला ते पाटावर बसले. बहिरूनं कमरेत वाकून वाढलं, तूप अजिबात सांडलं नाही. सालाचा विषय कुणी काढला नाही. शेवटचा घास झाला तसे हैबतराव उठले आणि खरकटा हात पुढं धरून, इकडंतिकडं न बघता, स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच डोणीकडं इतक्या घाईनं धावले की धोतराचा सोगा पायात येऊन पडता पडता वाचले.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. ओसरीवरून बहिरू त्यांच्याकडं बघत होता आणि निवांत तंबाखू मळत होता.

“ऱ्हायलं म्हनायचं मालक,” त्यानं आत साळूबाईंना सांगितलं.